घरातलं एकुलतं एक मत

आमच्या घरात एकच मत होतं आणि ते चुकीच्या माणसाकडे होतं.

चुकीचा माणूस म्हणजे माझा नवरा. पुण्यात असताना या गृहस्थाने आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. मतदानाचा दिवस म्हणजे भरपगारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे मित्रांबरोबर मुळशीला जाऊन भजी खाणं, एवढीच त्याची लोकशाही. मी नागपूरची, वॉर्डातल्या एका साध्या कार्यकर्त्याची मुलगी. आमच्या घरी निवडणूक ही दिवाळीच्या वर होती. बाबा मतदान केंद्रात एजंट म्हणून बसायचे आणि मी शाळकरी वयात बाहेरच्या टेबलावर लोकांना चिठ्ठ्या काढून द्यायची. अठरा पूर्ण झाल्यावर बोटाला पहिल्यांदा शाई लागली तेव्हा ती जाऊ नये म्हणून मी डाव्या हाताने भांडीसुद्धा घासली नव्हती.

तर अशा मला आयर्लंडमध्ये मत नव्हतं, आणि मुळशीवाल्याला होतं.

याचं कारण सांगितल्याशिवाय माझा जळफळाट कळायचा नाही. आम्ही लिमरिकला आलो ते दोघं एकत्रच. त्याची कंपनीत नोकरी, माझी घरातून थोडीफार अकाउंट्सची कामं. मुलगी इथेच झाली. सगळं बरोबरीने चाललं होतं आणि मग पुण्यात सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुबा मोडला. मुलाला रजा मिळेना. सुनेला कोण विचारतंय! मी मुलीला घेऊन पुण्याला गेले आणि जवळजवळ वर्षभर राहिले. ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी, मग परत भीती म्हणून वॉकर. मी काही उपकार केले नाहीत, करायचंच होतं. पण इथल्या नागरिकत्वाच्या नियमात अर्जाच्या आधीचं एक वर्ष सलग राहणं मोजतात. नवरा इथे राहून ऑफिसला जात होता, त्याचं मोजलं गेलं. त्याच्या आईला मी आंघोळ घालत होते, माझं तुटलं. मी परत आले तेव्हा त्याचा अर्ज मंजूर व्हायला आला होता आणि माझं घड्याळ पुन्हा शून्यावर.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. किलार्नी गावातल्या मोठ्या हॉलमध्ये त्याचा शपथविधी झाला. बँड होता, भाषण होतं, माणसं रडत होती. मी मागच्या रांगेत पाहुण्यांमध्ये बसून मोबाइलवर फोटो काढत होते. मुलगी जन्मानेच आयरिश. तिघांच्या घरात परकी मी एकटी. सोहळ्यानंतर तो म्हणाला, "अगं, कागद आहे नुसता. आपल्यात काय फरक पडतो?" ज्याला कागद मिळालेला असतो तोच हे वाक्य बोलतो.

आणि लगेच पुढच्या महिन्यात संसदेची निवडणूक जाहीर झाली.

त्याचं नाव मतदारयादीत घालायलाही मीच मागे लागले. नाहीतर तो काही हलणारा नव्हता. फॉर्मवर गार्डा म्हणजे इथल्या पोलीस स्टेशनात शिक्का लागतो, तिथे त्याला मी गाडीत घालून घेऊन गेले. ज्या पोरीने अख्ख्या मोहल्ल्याची नावं यादीत घातली तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही, आणि ती शेजारी बसून नवऱ्याला सांगतेय, इथे सही कर, इथे तारीख टाक. त्याने फॉर्म भरायला घेतला आणि सवयीने पेन वर मधोमध गेलं. मी हातावर चापट मारली.

ही त्याची सवय सांगायला हवी. नवरा देवाधर्मातला नाही. गणपतीत आरतीचं पुढचं कडवं येत नाही म्हणून नुसत्या टाळ्या वाजवतो. पण कोरा कागद समोर आला की आधी वर मधोमध 'श्री' काढतो. शाळेत पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाटीवर हात धरून शिकवलं आणि त्याशिवाय त्याला कधी कागदाला हात लावू दिला नाही. आता ते त्याच्या बोटांतच बसलंय, डोक्यापर्यंत जातच नाही. आमच्या फ्रिजवरच्या यादीतसुद्धा वर 'श्री', खाली दूध, ब्रेड, टॉयलेट पेपर. मी हसायचे. तो म्हणायचा, "मी कुठे काढतो, ते आपोआप येतं."

निवडणूक इथली फार शांत. मिरवणूक नाही, भोंगे नाहीत. नुसते विजेच्या खांबांवर हसणारे चेहरे, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले, आणि पावसाने ओले झालेले. पण एक गोष्ट आहे जी आमच्याकडेही राहिली नाही: उमेदवार स्वतः दार वाजवतो. संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, छत्री मिटत दारात उभा राहतो आणि मत मागतो. आणि मत म्हणजे एक फुली नाही. मतपत्रिकेवर सगळ्यांचे फोटो असतात आणि आपण पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. एक नंबरचा माणूस पडला तर तुमचं मत दोन नंबरकडे जातं. म्हणून दारात आलेला माणूस आधी एक नंबर मागतो आणि तो कुणाला कबूल झालेला असेल तर हसून दोन नंबर मागतो. मला ही पद्धत इतकी आवडली की काय सांगू. बाबांना फोनवर समजावून सांगितली तर ते म्हणाले, "म्हंजे हारणाऱ्याले दिलेलं मतबी वाया नाही जात? बाप्पा! हे त आपल्याले आधीच पाहिजे होतं."

दार मी उघडायचे. माणूस हसून बोलायला लागायचा, माझ्या हातात पत्रक द्यायचा आणि मग तो प्रश्न यायचा, मत आहे का तुमचं? मी म्हणायचे, माझं नाही, नवऱ्याचं आहे. आणि त्या क्षणी, अगदी सभ्यपणे, त्या माणसाची नजर माझ्या खांद्यावरून आत जायची. घरातला मतदार कुठे आहे? मतदार आत सोफ्यावर पाय वर करून क्रिकेट बघत असायचा. मला तेव्हा जे वाटायचं त्याला दुसरं नाव नाही, पोटात दुखायचं. माझ्या चहाला, माझ्या घराला, माझ्या मतांना कुणी विचारेना, आणि त्या मुळशीच्या भजीला लोक हात जोडून विनवतायत!

आणि तो तरी कसा? जो येईल त्याला "येस येस, नंबर वन, डेफिनेटली!" दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे आपले संस्कार. डाव्यांना एक नंबर, उजव्यांना एक नंबर, एका म्हाताऱ्या उमेदवाराला तर त्याने चहा पाजून एक नंबर दिला. मी म्हटलं, "अरे, एक नंबर एकच असतो!" तो म्हणाला, "त्यांना बरं वाटतं गं. आणि तेही मनावर घेत नाहीत."

मला मात्र एकीला तो एक नंबर खरंच द्यायचा होता. ती आमच्या भागातली नगरसेविका, अपक्ष, पूर्वी नर्स होती. मी पुण्याहून परत आल्यावर पहिल्या पावसाळी सकाळी शाळेसमोरचा रस्ता मुलीला घेऊन ओलांडत होते आणि गाड्या थांबायला तयार नव्हत्या. ही बाई रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली आणि आम्हाला पलीकडे नेलं. मग म्हणाली, इथे झेब्रा क्रॉसिंग पाहिजे, नाही का? तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला काय वाटतं, हा प्रश्न या देशात मला कुणी पहिल्यांदा विचारला. क्रॉसिंग तिने करून घेतलं. माझ्या डोक्यात तिचं नाव तेव्हाच पक्कं झालं. ती संसदेला उभी राहिली आणि तिच्यासाठी माझ्याकडे द्यायला काहीही नव्हतं. जे होतं ते नवऱ्याच्या खिशात होतं.

म्हणून मी त्याच्या मागे लागले. पोळ्या लाटताना, गाडीत, झोपताना. "एक नंबर तिलाच."

"बघू."

"बघू काय? तुला ती बाकीची माणसं माहीत तरी आहेत का?"

"अगं, गुप्त मतदान असतं."

इथे माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस ऑफिसचा पासवर्ड मला सांगतो, दाढदुखी सांगतो, लहानपणी अंथरूण कधीपर्यंत ओलं केलं तेही सांगितलंय. आणि अचानक याला गुप्तता सुचली! मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. त्याला काही कळलंच नाही, हा आणखी एक राग.

मतदान शनिवारी होतं, मुलीच्याच शाळेत. आम्ही तिघं गेलो. वाटेत ते क्रॉसिंग ओलांडलं. दारातल्या माणसाने नवऱ्याचं कार्ड बघितलं आणि मला विचारलं, आपलं? मी मान हलवली. मुलांना आई-बाबांबरोबर आत जाता येतं, म्हणून मुलगी त्याचा हात धरून टुणटुण उड्या मारत गेली आणि वळून मला म्हणाली, "ममा, यू वेट देअर, ओके?" जिला मी वर्षभर पुण्यात बाराखडी शिकवली ती. मी बाहेर कोट टांगायच्या छोट्या छोट्या खुंट्यांपाशी उभी राहिले. प्रत्येक खुंटीवर एका मुलाचं नाव होतं.

बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर मी त्याचा डावा हात धरून बोट बघितलं. शाई नव्हती. इथे लावतच नाहीत. म्हणजे पुरावाही नाही.

"कुणाला?"

तो हसला. "गुप्त."

मुलगी म्हणाली, "डॅडी वॉज रायटिंग फॉर एजेस!"

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. सकाळपासून वादळी वारा होता आणि खांबांवरचे ओले चेहरे फडफडत होते. दाराची बेल वाजली. दारात शेजारचे आजोबा, निवृत्त पोस्टमन. हे नगरसेविकेचे जुने कार्यकर्ते. वर्षानुवर्षं मोजणीला कठड्याशी उभं राहून टॅली करत आलेले. टॅली म्हणजे काय ते त्यांनीच मला आधी समजावलं होतं. पेटी उघडली की मतपत्रिका एकेक करून उलगडून ठेवतात, आणि कठड्याबाहेर उभी असलेली पक्षांची माणसं वाकून वाकून बघतात आणि कागदावर रेघा मारत जातात. अधिकृत निकाल लागायला दिवस दिवस जातात, पण ही माणसं दुपारपर्यंत सांगतात कोण आलं, कोण गेलं, आणि कुठल्या वस्तीने कुणाला दगा दिला. आजोबांची टॅलीतली जोडीदारीण आजारी पडली होती. त्यांना कुणीतरी चपळ हवं होतं.

मी म्हटलं, "पण मला मत नाही."

ते म्हणाले, "मत नसू दे गं. पेन्सिल आहे ना?"

मी नवऱ्याला मुलीकडे बघायला सांगितलं आणि पायात बूट घालत घालत बाहेर पडले. त्याने विचारलं, "अगं पण तू तिथे काय करणार?" या निवडणुकीत पहिल्यांदाच काहीतरी असं होतं जे माझ्याकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं.

तो हॉल म्हणजे एरवी बास्केटबॉलचा. आत शेकडो माणसांचा आवाज, ओल्या कोटांचा वास, कठड्यावर ओठंगलेले लोक. मला बाबा आठवले. बाबांचा हात आठवला, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आजोबा बघायचे आणि नाव म्हणायचे, मी रेघ मारायची. थोड्या वेळाने तेही लागेना. मी स्वतःच बघत होते. आजोबा म्हणाले, "यू आर फ्लाइंग!" मला फार बरं वाटलं. किती महिन्यांनी हात कामाला आल्यासारखा वाटला.

मग आमच्या शाळेची पेटी आली.

याच ढिगात कुठेतरी तो कागद होता, ज्याच्यासाठी मी महिनाभर जळत होते. अर्थात ओळखणार कसा? आकडे सगळ्यांचे सारखे. मी रेघा मारत राहिले. आमच्या बाईला बरी मतं पडत होती.

आणि एक पत्रिका उलगडणाऱ्या मुलीचा हात थांबला. तिने कागद फिरवून बघितला, शेजारणीला दाखवला. माझ्याकडून तो उलटा दिसत होता. पण आपलं अक्षर उलटंही वाचता येतं. वर, मधोमध, पेन्सिलीने, डौलदार वळण देऊन काढलेलं: श्री.

खाली नगरसेविकेच्या फोटोसमोर एक. बाकीच्यांसमोर दोन, तीन, चार, अगदी शेवटच्या माणसापर्यंत. ज्याला ज्याला दारात शब्द दिला होता त्या प्रत्येकाला काही ना काही दिलं होतं. चहा पाजलेल्या उमेदवाराला दोन नंबर होता.

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी आनंद झाला, की ऐकलं माझं. मग लगेच राग आला, की ऐकायचंच होतं तर सांगायला काय झालं होतं. आणि मग त्या मुलीने कागद उचलून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला आणि मी आजोबांना विचारलं, तो ट्रे कसला.

तो ट्रे शंकास्पद मतांचा. काही लोक कागदावर शिव्या लिहितात, काही नुसतीच चित्रं काढतात. ही सगळी मतं नंतर निवडणूक अधिकाऱ्यापुढे जातात, आणि तो सगळ्या उमेदवारांच्या माणसांना बोलावून एकेक कागद वर धरून निर्णय देतो. मतदार ओळखू येईल अशी खूण कागदावर असली तर मत बाद. हा नियम आजोबांनी मला हळू आवाजात सांगितला. त्यांना अजून माहीत नव्हतं मी का विचारतेय.

दुपारनंतर ती वेळ आली. आजोबा त्या घोळक्यात आत, मी कठड्याशी. अधिकारी शांत, चष्मेवाला गृहस्थ. तो कागद त्याने वर धरला. एका पक्षाचा एजंट म्हणाला, ही सही आहे, परक्या भाषेतली. दुसरा म्हणाला, नुसतं गिरगटलंय, मत स्पष्ट आहे, मोजा. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. अख्ख्या हॉलमध्ये ते अक्षर वाचता येणारी मी एकटीच होते.

त्यांनी मला बोलावलं. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला हे काय आहे ते सांगता येईल?"

मला वाटलं, आता मी हे मत वाचवते. वॉर्डातल्या कार्यकर्त्याची मुलगी आहे मी! मी म्हणाले, "हे नाव नाही. सही नाही. आमच्याकडे कुठलंही चांगलं काम सुरू करताना कागदाच्या वर हे लिहितात. शुभ म्हणून. त्याचा मतदाराशी काही संबंध नाही."

"आमच्याकडे म्हणजे?"

"मराठी माणसांकडे. भारतात."

अधिकारी फार सौम्यपणे म्हणाला, "आणि या पेटीत, या वस्तीत, हे लिहिणारे मतदार बरेच असतील का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या वस्तीत भारतीय घरं तीन. दोन केरळची, आणि त्यांच्यात अजून कुणालाच मत नव्हतं. तिसरं घर आमचं. आजोबा आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांना आता सगळं कळलं होतं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनाही.

अधिकारी म्हणाला, "कुणाचं आहे हे मला कळत असेल तर मला ते मोजता येत नाही. आय अ‍ॅम सॉरी."

शिक्का मारला. बाद.

करायला गेले गणपती, झाला मारुती. गप्प राहिले असते तर कदाचित गिरगटलेलं म्हणून मोजलंही असतं. पण तेव्हा मला स्वतःचा राग आला नाही. मला आठवल्या सासूबाई, पाटीवर मुलाचा हात धरून बसलेल्या. त्या माउलीने एका खुब्यात माझं मत घालवलं आणि एका श्रीमध्ये आपल्या मुलाचं. हे सुचलं आणि मला त्या कठड्याशी इतकं हसू आलं की आजोबांना वाटलं मी रडतेय. ते म्हणाले, "अगं, एकच मत आहे." त्यांना काय सांगणार, की एकच होतं म्हणूनच तर!

नगरसेविका निवडून आली नाही. एका मताने पडली असती तर गोष्ट झाली असती, तसं काही झालं नाही. बरीच मागे राहिली, कुणाकुणाची मतं येत गेली तशी थोडी वर चढली, आणि शेवटी तिचं नाव वगळलं गेलं. निकाल ऐकल्यावर ती कठड्याशी येऊन प्रत्येकाचा हात हातात घेत होती. माझाही घेतला. क्रॉसिंगवरची बाई म्हणून तिने मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

घरी आले तेव्हा नवऱ्याने खिचडी टाकली होती आणि मुलगी टेबलावर चित्र काढत होती. तो दारातच आला. डोळ्यांत उत्सुकता, जी मी त्याच्यात क्रिकेट सोडून कशाच्याही बाबतीत बघितली नव्हती.

"आपली पेटी बघितलीस? शाळेची?"

"बघितली."

"कसं झालं? माझं मत दिसलं असेल तुला!" आणि हसला. गंमत करत होता.

"चांगली पडली तिला," मी म्हणाले.

"बघ. मी तिलाच दिलं," तो म्हणाला. "तुझंच दिलं म्हण. आता सांगायला हरकत नाही."

सांगायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण तो ताट वाढत होता आणि त्याच्या पाठीत एक ताठपणा होता, पहिल्यांदा काही केल्याचा. मला दया आली म्हणून मी गप्प बसले असं लिहिलं तर लोक माझं कौतुक करतील. थोडी दया होतीच. पण जास्त दुसरंच होतं. महिनाभर त्याच्याकडे एक गुप्त गोष्ट होती आणि मी जळत होते. आता माझ्याकडे होती, त्याच्याहून मोठी. ती इतक्या लवकर सोडायची माझी तयारी नव्हती. मी मूग गिळले आणि वर खिचडी खाल्ली.

पुढच्या महिन्यात महामारीने सगळं बंद झालं. सरकार बनायला तर उन्हाळा उजाडला. आम्ही तिघं घरात कोंडलेलो, आणि नवरा बातम्या बघून टीव्हीशी भांडायला शिकला होता. हे असं नको होतं, ते तसं हवं होतं. मी काही बोलले की म्हणायचा, "मी मत दिलंय बाई, मला बोलायचा हक्क आहे." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी हसले. दहाव्यांदा म्हणाला तेव्हा मी भांड्यांचा आवाज केला. जखमेवर मीठ चोळतोय आणि त्याला माहीतही नाही की जखम त्याची आहे! कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा त्याला हात करायचे आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. त्यांनीही कधी सांगितलं नाही. पोस्टमनच्या पोटात गोष्टी राहतात.

माझा अर्ज मी त्याच वर्षी टाकला आणि २०२१ संपता संपता तो मंजूर झाला. मला किलार्नी नाही मिळाली. बँड नाही, भाषण नाही, मागच्या रांगेत बसून माझा फोटो काढणारं कुणी नाही. महामारीमुळे सोहळे बंद होते. त्याऐवजी सॉलिसिटरच्या ऑफिसात मास्क लावून एका प्रतिज्ञापत्रावर सही. हीटर बंद होता आणि वकीलबाई कोट घालूनच बसली होती. माझ्या बाबतीत देशसुद्धा काटकसर करतो, असं मनात आलं. पेन हातात घेतलं आणि क्षणभर मी कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग खाली सही केली.

बाबांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं. मग म्हणाले, "म्हंजे आता इथचा पासपोर्ट परत?"

"हो बाबा."

"अन् मत?"

"तेही गेलं."

"तुयं नाव अजून यादीत हाये ना," ते म्हणाले. "दर वेळेले चिठ्ठी येते. मी ठेवून देतो." मग त्यांनी विचारलं, तिथे थंडी किती आहे.

त्या संध्याकाळी नवऱ्याने केक आणला. मुलीने त्यावर झेंडा टोचला. मी डोळे पुसून टेबलाशी येऊन बसले तर त्याने माझा हात हातात घेतला आणि फार प्रेमाने, अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या निवडणुकीला आपण दोघं जाऊ. घाबरायचं नाही. मी सांगतो तुला सगळं. पेन्सिल तिथेच बांधलेली असते. कागद लांब असतो, पण घाई करायची नाही. सुरुवात चांगली करायची, की पुढे आपोआप होतं."

मी म्हटलं, "बरं."

केक कापला. त्याने पहिला तुकडा मला भरवला आणि मुलीला सांगितलं, "आता आपल्या घरात दोन मतं."

ते ऐकताना मला त्याचा इतका हेवा वाटला, जितका त्याच्या एकट्याकडे मत असताना कधी वाटला नव्हता. कारण त्याला अजूनही वाटतं, पहिलं मत त्याचं मोजलं गेलं, आणि या घरातून पडणारं दुसरं मत माझं असेल.